दिवाळीत पाँडिचेरी? सोबत सासूबाई (गुडघे!), नऊ वर्षांची लेक आणि फक्त चार दिवस

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी, एरवी नुसतं वाचून जाते पण आज विचारल्याशिवाय राहवत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस पाँडिचेरीला जायचं माझ्या डोक्यात आहे. नवरा म्हणतोय समुद्रच बघायचाय तर गोवा काय वाईट आहे, गाडी काढली की संध्याकाळी मासे ताटात. पण गोवा सहा वेळा झालाय हो! मला त्या पिवळ्या भिंती, त्यावर ओघळलेली बोगनवेल, निळ्या पाट्या हे सगळं एकदा डोळ्यांनी बघायचंय. चेन्नईपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी असा विचार आहे.

आता अडचणी. सासूबाई ७० च्या आहेत, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा खात नाहीत आणि रात्री भात-वरण नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही त्यांना. लेकीला समुद्रात डुंबायचंय, दुसरं काही नको. मला नुसतं भटकायचंय. नवऱ्याला काय हवंय ते तुम्हाला कळलं असेलच, तिथे स्वस्त मिळते म्हणे. तर एवढ्या सगळ्यांचं एका गावात जमेल का? चार दिवस जास्त होतील का कमी? हिंदी चालतं का? आणि ते ध्यानाचं मातृमंदिर आतून बघायला मिळतं का नुसतं लांबून? कुणी सहकुटुंब जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

चेन्नईतली_मावशी

चिंगीच्या आई, आधी एकच सांगते, दिवाळीत येऊ नका. सतरा वर्षं चेन्नईत काढलीत आणि दर वर्षी कुणीतरी पुण्या-मुंबईचं पाहुणं दिवाळीत येतं आणि चार दिवस आमच्या गॅलरीत बसून पाऊस बघून परत जातं. आपल्याकडे दसऱ्याला पाऊस संपला की संपला, पण इथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, तो परतीचा ईशान्य मोसमी, आणि वादळंही तेव्हाच येतात. २०२४ च्या ३० नोव्हेंबरला फेंगल वादळ पाँडीजवळच किनाऱ्याला लागलं तेव्हा एका दिवसात साडेचारशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, रस्त्यातून बोटी फिरवून लोकांना बाहेर काढावं लागलं होतं. दर दिवाळीत असं होतं असं नाही, कधी कधी चक्क लख्ख ऊन असतं, पण विमानाची तिकिटं काढून, सासूबाईंना घेऊन हा जुगार कशाला खेळायचा?

जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा. हवा छान, संध्याकाळी वारा. फक्त पोंगलच्या आठवड्यात नको, जानेवारीच्या मध्याला अख्खं तामिळनाडू सुट्टीवर असतं. आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार असं जमवा, शनिवार-रविवारी बंगळूर आणि चेन्नई दोन्ही शहरं एकाच वेळी पाँडीत ओतली जातात आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात.

प्रवासाचं म्हणाल तर दादरहून पुण्यावरून थेट पाँडिचेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस आहे, आठवड्यातून तीन दिवस, पण रेल्वेत दीड दिवस काढायची तयारी पाहिजे. विमानाने चेन्नई आणि मग ईसीआर, म्हणजे समुद्राकाठचा ईस्ट कोस्ट रोड, हे तुमच्यासाठी बरं. दीडशे किलोमीटर आहे, साडेतीन तास धरा आणि वाटेत महाबलीपुरमला दोन तास थांबा, लेकीला किनाऱ्यावरचं देऊळ आणि तो कृष्णाचा लोण्याचा गोळा दाखवा, मुलं त्या धोंड्याला पाठ लावून फोटो काढण्यात अर्धा तास घालवतात.

खाण्याची अजिबात काळजी नको. तामिळ गाव आहे ते, फ्रेंच नंतर. सकाळी इडली-पोंगल, दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पोरियल, ताक. वरण म्हणून मिळणार नाही, पण काही ठिकाणी पहिल्या भाताला परुप्पु म्हणून घट्ट डाळ आणि तूप वाढतात, ते वरणच समजा. बेकरीत मात्र केक, पेस्ट्री घेताना अंड्याचं विचारून घ्या. साधा लांब बगेत पाव चालेल सासूबाईंना, त्यात अंडं नसतं. हिंदी हॉटेलांत चालतं, रिक्षावाल्यांशी मोडकं इंग्रजी आणि हातवारे.

डुंबायचं तेवढं समजून घ्या. गावासमोरचा जो किनारा फोटोत दिसतो ना, तिथे बहुतेक सगळे काळे धोंडे आहेत. पूर्वी तिथे चांगली रुंद वाळू होती म्हणतात. दक्षिणेला बंदराचे बांध घातले, वाळूची वाट अडली आणि समुद्राने गावापुढचा किनारा खाल्ला, मग गाव वाचवायला दगड टाकले. २०१८ च्या सुमारास पाण्याखाली एक आडवा बांध घातल्यावर थोडी वाळू परत आलीये पण तिथे पोहायचं नाही, ओढ वाईट आहे. लेकीला चुनांबारच्या बोटीने पॅरडाइज बीचवर न्या, तिथे वाळूत खेळता येतं. तिथेही घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका हं. हा बंगालचा उपसागर आहे, अलिबाग नाही.

घाटावरचा_नाना

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेलो होतो शनिवार-रविवार गाठून आणि प्रामाणिकपणे सांगतो, पाँडिचेरी म्हणजे दोन गल्ल्या आणि पिवळ्या भिंती. प्रत्येक भिंतीसमोर एक मुलगी टोपी घालून उभी आणि समोर एक मुलगा गुडघ्यावर बसून फोटो काढतोय, आपण मध्ये आलो की दोघंही आपल्याकडे असं बघतात की जणू आपणच त्यांच्या घरात घुसलोय. एका ठिकाणी बायको दारासमोर उभी राहिली तर आतून मालक बाहेर आला आणि म्हणाला हे घर आहे, इथे माणसं राहतात. बरोबरच होतं त्याचं. हॉटेल बुक करताना व्हाइट टाउन, म्हणजे समुद्राकडचा जुना फ्रेंच भाग, असं लिहिलं होतं, निघालं त्याच्या कडेच्या नाल्याच्या पलीकडे बसस्टँडच्या वाटेवर. रिक्षावाल्याने दीड किलोमीटरचे अडीचशे घेतले. कॉफी अडीचशे, क्रॉसाँ दोनशे आणि तो असा चिवट की आमच्या बेकरीतली खारी बरी. दुपारी बारा ते चार इतकं ऊन की रस्त्यावर कुत्रं नाही, दुकानं बंद.

आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, स्वस्त मिळते हे खरं आहे पण येताना बाटल्या गाडीत टाकून आणायच्या भानगडीत पडू नका, हद्द ओलांडली की तामिळनाडू आणि नाक्यावर डिकी उघडायला लावतात. आमच्या टॅक्सीवाल्यानेच आधी सांगितलं म्हणून वाचलो.

दोन दिवस पुरे. चार दिवस काय करणार तिथे?

बखरवाला

नानांचा अनुभव खरा आहे पण नाना, तुम्ही ज्या गल्लीत उभं राहून वैतागला असाल ती बहुतेक रु दुमा, म्हणजे दुमा रस्ता, असणार, तर त्या दुमाचीच गोष्ट ऐका, मग ठरवा दोन गल्ल्या का काय ते.

बेन्वा दुमा हा १७३५ ते ४१ पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर. १७४० मध्ये नागपूरकर रघूजी भोसले कर्नाटकात उतरले, दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला आणि नवाबाचं अख्खं कुटुंब, त्याचा जावई चंदासाहेब याची बायको-मुलं, सगळे जडजवाहीर घेऊन पाँडिचेरीच्या तटाआड येऊन बसले. रघूजींनी दुमाला लिहिलं, माणसं आणि पैका हवाली कर. दुमाने नकार दिला आणि तटावर तोफा चढवल्या. पण हुशार माणूस! बोलणी करायला आलेल्या मराठी वकिलाला परत जाताना म्हणे फ्रेंच गोड मद्याच्या दहा बाटल्या भेट दिल्या. त्या रघूजींच्या गोटात गेल्या, त्यांच्या जनान्यात त्या इतक्या आवडल्या की आणखी पाहिजेत असा निरोप आला, आणि त्यानंतर पाँडिचेरीवर चालून जायचा विषय थंडावला. बाटल्यांचा भाग मीठमसाला लावून सांगतात हे कबूल, पण चंदासाहेब मात्र खराखुरा १७४१ मध्ये त्रिचनापल्लीत मराठ्यांच्या हाती लागला आणि सात वर्षं साताऱ्यात कैदेत होता. तिथून सुटला तो सरळ दुमानंतरचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याच्या गोटात. शाळेत आपण ते कर्नाटक युद्ध, डुप्ले, क्लाइव्ह वगैरे पाठ करून परीक्षेत ओकून आलो, पण त्यातला अर्धा मामला सातारा-नागपूरशी जोडलेला आहे हे मला चाळिशीत कळलं. (तेव्हा चिंगीच्या बाबांना सांगा, पाँडिचेरीच्या बाटलीचं आकर्षण मराठी माणसाला तीनशे वर्षांचं आहे.)

फक्त एक लक्षात घ्या, रस्त्याला नाव दुमाचं असलं तरी तिथली घरं दुमाच्या काळातली नाहीत. १७६१ मध्ये इंग्रजांनी गाव जिंकून जवळजवळ सपाट केलं होतं, तट, राजवाडा सगळं. आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा बांधलेलं. सरळ रेघांचे काटकोनात कापणारे रस्ते मात्र त्याहून जुने, ते डचांनी आखले, १६९३ ते ९९ गाव त्यांच्या ताब्यात होतं तेव्हा. त्या पडझडीतून टिकलेलं एक घर म्हणजे आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा, नाल्याच्या पश्चिमेला बाजारात. हे डुप्लेचे दुभाषी. १७३६ पासून पंचवीस वर्षं तामिळमध्ये रोजनिशी लिहिली, त्यात गव्हर्नरच्या बायकोच्या कागाळ्यांपासून जहाजातल्या मालापर्यंत सगळं आहे. आपल्याकडच्या शकावल्या वाचणाऱ्यांना ती फार आवडेल.

आणि समुद्रावर गांधीजींचा पुतळा आहे ना, त्याच्या भोवती आठ उंच कोरीव दगडी खांब आहेत. ते खांब जिंजीचे. होय, तीच जिंजी. फ्रेंचांनी १७५० मध्ये बुसी या सेनानीच्या हाताखाली तो किल्ला घेतला, तिथल्या देवळाचे खांब उचलून इथे आणले. बहुतेक लोक त्या खांबांना टेकून भेळ खातात आणि निघून जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तेच केलं होतं.

जिंजी पाँडीपासून साधारण ७० किलोमीटर. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात महाराजांनी घेतली तेव्हा पाँडिचेरीला नुकतंच बस्तान बसवणारा फ्रान्स्वा मार्तँ घाबरून माणसं पाठवून अभय मागत होता, आणि महाराजांनी ते दिलं. पुढे राजाराम महाराज १६८९ ला तिथेच पोचले आणि औरंगजेबाचा सरदार जुल्फिकारखान जवळजवळ आठ वर्षं खाली वेढा घालून बसला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा. चार दिवस काय करायचं याचं उत्तर इथे आहे. एक पूर्ण दिवस जिंजीचा.

चेन्नईतली_मावशी

नाना, मार्चमधला शनिवार, दुपारी बारा ते चार आणि व्हाइट टाउन! तुम्ही स्वतःच सगळे पत्ते चुकीचे टाकलेत की हो :)

पाँडी बघायची वेळ सकाळी साडेपाच ते आठ. समुद्राचा रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो, त्यामुळे पहाटे तिथे फक्त चालणारे आजी-आजोबा, योगासनं करणारे, मासेमारीच्या होड्या परतताना दिसतात आणि सूर्य समोर समुद्रातून वर येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाला हे पहिल्यांदा बघताना गंमत वाटते, आपला सूर्य समुद्रात बुडतो, इथला उगवतो. सासूबाईंना त्या रस्त्यावर जागोजागी बसायला मिळेल, सपाट आहे सगळं, गुडघ्यांना त्रास नाही. लायटहाऊस, युद्धस्मारक, कस्टम हाऊस, नगरपालिकेची पांढरी इमारत हे सगळं त्याच एका रस्त्यावर. ती नगरपालिकेची, मेरी म्हणतात, ती मूळची नाही बरं का, जुनी २०१४ च्या पावसात कोसळली, आताची तशीच हुबेहूब नव्याने बांधलेली.

आणि नाल्याच्या पलीकडे हॉटेल मिळालं म्हणून रडू नका, माझ्या मते खरं गाव तिकडेच आहे. वैश्याळ रस्त्यावर एक चक्कर मारा. तिथली तामिळ घरं, बाहेर रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपला ओटाच, वाटसरूने टेकावं म्हणून, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर. आणि मान वर केली की वरच्या मजल्यावर फ्रेंच पद्धतीच्या कमानीच्या खिडक्या आणि झडपांची दारं. खाली तामिळ, वर फ्रेंच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धोतरावर कोट घातलेल्या आजोबांची आठवण झाली. तिथे कुणी टोपी घालून फोटो काढायला येत नाही फारसं.

तिकडे अजूनही फ्रेंच नागरिक असलेली तामिळ कुटुंबं आहेत हे माहितीये का? १९५४ मध्ये फ्रेंचांनी कारभार सोडला, कागदोपत्री हस्तांतर मात्र १६ ऑगस्ट १९६२ ला झालं, म्हणजे गोव्यानंतर आठ महिन्यांनी, पण इथे सैन्य आणावं लागलं नाही. तेव्हा लोकांना सहा महिन्यांत नागरिकत्व निवडायची मुभा होती. ज्यांनी फ्रान्स निवडलं त्यांची मुलं-नातवंडं आजही पाँडीत बसून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला मत देतात. आमच्या ओळखीच्या एका आजींकडे फ्रेंच सैन्यातल्या नवऱ्याची पेन्शन युरोत यायची, आणि आजी दारात कोलम काढून, केसात मोगरा माळून, तामिळ सोडून एक अक्षर बोलायच्या नाहीत.

मनकुळ विनायगर विसरू नका. फ्रेंच यायच्या आधीपासूनचा गणपती आहे, मणल म्हणजे वाळू, कुळम म्हणजे तळं, वाळूतल्या तळ्याकाठचा. व्हाइट टाउनच्या मधोमध उभा आहे आणि सासूबाईंना तिथे एकदम घरच्यासारखं वाटेल. दारातली लक्ष्मी हत्तीण मात्र आता नाही, २०२२ मध्ये गेली, अख्खं गाव रडलं होतं.

सुरपारंबी

मी आई-बाबांना घेऊन गेले होते फेब्रुवारीत म्हणून मातृमंदिराचं सांगते. ते पाँडीत नाही, ऑरोव्हिलमध्ये आहे, दहा-बारा किलोमीटर. बाहेरून बघायला आगाऊ काही लागत नाही, व्हिजिटर सेंटरवर एक छोटी फिल्म दाखवतात आणि फुकट पास देतात, मग साधारण एक किलोमीटर झाडीतून चालत जायचं. वाटेत तो प्रचंड वड लागतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गाडी असते, तिथे विचारा, माझ्या आईला नेलं होतं. लांबून तो सोनेरी गोळा दिसतो, लोक दोन फोटो काढतात आणि म्हणतात एवढंच? कारण आत जाण्यात खरी गोष्ट आहे. आत जायला आधीपासून बुकिंग करावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. पांढरे मोजे घालायला देतात, चढत्या वळणाच्या वाटेने वर जायचं, मधल्या दालनात सगळं पांढरं आणि मध्यभागी एक स्फटिकाचा गोल, त्यावर छतातून उन्हाची एक तिरीप. बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. माझ्या बाबांना खोकला आवरेना म्हणून ते पाच मिनिटांत बाहेर आले आणि दिवसभर त्यांचा मूड गेला. लेकीचं वय चालतं का ते बुकिंग करतानाच बघून घ्या.

अरविंदाश्रम गावातच आहे, समाधीपाशी फुलांची आरास असते, मोबाइल बंद, फोटो नाही. तिथे बसल्यावर मला उगाच बडोद्याची आठवण आली, अरविंदबाबू पाँडीला आले १९१० मध्ये, पण त्यांना ध्यानाची पहिली वाट दाखवली ती विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने, १९०८ च्या जानेवारीत, बडोद्यात एका वाड्याच्या माडीवर तीन दिवस कोंडून घेऊन. आश्रमात हे फार कमी लोकांना माहीत असतं, मी विक्रीच्या टेबलावरच्या एका काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या हो, लेले! मी पण जळगावची.

आश्रमाची गेस्ट हाऊसं स्वस्त आणि स्वच्छ असतात, पण रात्री ठरावीक वेळी फाटक बंद आणि आत दारू चालत नाही. म्हणजे सासूबाई खूश, मिस्टर नाखूश.

चिंगीची_आई

बापरे, किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला रघूजी भोसल्यांची गोष्ट वाचून दाखवली तर तो म्हणाला हे आधी सांगितलं असतंस तर मी कधीच हो म्हणालो असतो. दिवाळी रद्द, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सोमवार ते शुक्रवार. शाळेत काय सांगायचं ते बघू. सासूबाईंना लेले योग्यांचं सांगितलं तर त्या म्हणाल्या लेले म्हणजे आमच्या माहेरचे नात्यातले असतील, आता त्यांना थांबवणं अवघड आहे.

फक्त बखरवाला दादा, जिंजीला सासूबाईंचं काय करू? त्यांना खाली गाडीत बसवून आम्ही वर जायचं हे काही बरं वाटत नाही. आणि नऊ वर्षांची मुलगी चढेल का?

घाटावरचा_नाना

मलाच आता परत जावंसं वाटायला लागलं. खांबांना टेकून मीही भेळ खाल्ली होती.

बखरवाला

ताई, गाडीत कशाला बसवताय! राजगिरी, म्हणजे जिंजीची मुख्य टेकडी, तिच्या पायथ्याशीच कितीतरी आहे. कल्याण महालाचा तो मजल्यांचा मनोरा, मोठमोठी धान्याची कोठारं, घोड्यांच्या पागा, हे सगळं जवळपास सपाटीवर आणि गवत छान राखलेलं आहे. त्यांना सावलीत चटई टाकून द्या, सोबत मिस्टरांना ठेवा. तुम्ही आणि लेक वर जा. आठशेएक फूट चढ आहे, पायऱ्या आहेत पण उंच उंच आहेत, आणि माथ्याच्या अलीकडे एक खोल चीर लागते ती पुलावरून ओलांडावी लागते, मुलांना तो भाग भारी आवडतो. नऊ वर्षांची पोरगी आरामात चढेल, दम तुम्हाला लागेल. सकाळी साडेसहाला पाँडी सोडा म्हणजे आठ-साडेआठला चढायला लागाल. उशिरा पोचलात तर दगड तापतात, आणि दुपारनंतर वर सोडतही नाहीत. पाणी माणशी दोन लिटर, टोपी, आणि हातात खाऊची पिशवी दिसेल अशी ठेवू नका. तिथली माकडं अजून वेढा घालूनच बसलीयेत.